निळ्या गाडीची लाल वेलांटी

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीराव म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण छापखान्यात यंत्रांचा आवाज इतका की पाठीमागे बोलायचं तरी ओरडूनच बोलावं लागे, त्यामुळे ते नाव त्यांना रोज ऐकू येई. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट आतून थोडा अभिमानच होता. शब्दाला पहिली वेलांटी की दुसरी, या एका प्रश्नावर त्यांनी उभी नोकरी काढली होती. मुद्रितं तपासताना लाल पेनाने एखादी चूक टिपली की त्यांना जे सुख मिळे, ते इतरांना जेवणानंतर आडवं झाल्यावर मिळतं.

अडचण एवढीच की हे सुख छापखान्यात ठेवून घरी येणं त्यांना जमत नसे. औषधाच्या बाटलीवरची सूचना, विजेचं बिल, दुकानदाराने दिलेली पिशवी, जे हाती पडेल ते ते वाचत, आणि वाचता वाचता खिशातलं लाल पेन आपोआप बाहेर येई. एकदा साडूच्या मुलीच्या लग्नाची आमंत्रणपत्रिका त्यांनी दुरुस्त करून परत पाठवली. तेव्हापासून साडूकडची आमंत्रणं तोंडी येऊ लागली, आणि नंतर नंतर तीही कमी झाली. बायको म्हणायची, "अहो, माणसांना चुका दाखवलेल्या आवडत नाहीत." त्यावर वेलांटीराव म्हणायचे, "मी माणसांना कुठे दाखवतो? मी शब्दांना दाखवतो." हे वाक्य त्यांना स्वतःला फार आवडे.

जुनी गाडी घ्यायची कल्पना बायकोची. ती गाडी चालवायला शिकली होती, परीक्षा पास झाली होती, आणि लायसन पर्समध्ये घेऊन बसने फिरत होती. एके दिवशी बसमधून उतरताना तिचा गुडघा असा काही ठणकला की घरी येऊन ती म्हणाली, "आता लायसनची शोभा पुरे. जुनी का होईना, पण गाडी बघा." वेलांटीराव हो म्हणाले. गाडी हा विषय त्यांना कळत नव्हता, पण न कळणाऱ्या विषयावरचीही पुस्तकं ते तपासतच की.

कानोकानी ही बातमी शेजारच्या गृहस्थांना लागली. त्यांना सगळी इमारत जाणकार म्हणे, कारण ते स्वतः तसं म्हणवून घेत. त्यांच्याकडे गाडी कधीच नव्हती. सायकलीवरून उतरले ते थेट सल्ल्यांवर चढले होते. दारात उभं राहून ते म्हणाले, "जुनी गाडी बघायला गेलं की आधी टायर बघायचे. मग आपण टायर बघत असताना मालक कुठे बघतोय, ते बघायचं. आणि काही झालं तरी कागद सोडायचे नाहीत. गाडी म्हणजे शेवटी काय हो, कागद."

वेलांटीरावांच्या काळजाला भिडलेला गाडीविषयीचा हा पहिलाच विचार.

गाडी मिळाली ती एका निवृत्त गणित मास्तरांची. लहानशी, निळी, आणि काचा अशा पुसलेल्या की शिंतोडासुद्धा नाही. मास्तर सुनेबरोबर राहत होते, मुलगा नोकरीनिमित्त परगावी होता. गाडी विकायचा हट्ट सुनेचा. "बाबा भाजी आणायला गाडीने गेले आणि पायी परत आले," ती सांगू लागली. "गाडी बाजारातच विसरले. दुसऱ्या दिवशी शोधून आणली."

"पायी चालणं तब्येतीला चांगलं असतं," मास्तर म्हणाले.

"आणि परवा गॅसवर दूध?"

"ते मात्र विसरलो," मास्तरांनी लगेच कबूल केलं. माणूस असा सरळ. त्यांच्या सदऱ्याच्या खिशालाही एक लाल पेन होतं. दुपारी इमारतीतली मुलं गणितं घेऊन येत, त्यांच्या वह्या ते तपासत. ते पेन पाहून वेलांटीरावांना एकदम घरच्यासारखं वाटलं. टायर बघायचे राहून गेले. बायको मात्र गाडीत बसली, स्टिअरिंग धरलं, आरसा आपल्या डोळ्यांच्या उंचीला केला, आणि उतरेचना. व्यवहार ठरला.

निघताना मास्तरांनी गाडीचं नोंदणी पुस्तक, ज्याला सगळे नुसतं बुक म्हणतात, ते वेलांटीरावांच्या हातात ठेवलं. "घेऊन जा. झेरॉक्स काढा, निवांत वाचा. मग ऑफिसात नाव बदलायला जाऊ तेव्हा घेऊन या."

निवांत वाचा, असं वेलांटीरावांना कोणी सांगायला नको होतं.

त्या संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी बुक उघडून बसले. बायको समोर सीटकव्हरच्या रंगाबद्दल बोलत होती. फिकट घ्यावं तर मळेल, गडद घ्यावं तर तापेल. वेलांटीराव योग्य त्या ठिकाणी हूं म्हणत होते आणि डोळे ओळींवरून चालले होते. पहिल्याच पानावर 'नोंदणि'. पहिली वेलांटी. त्यांच्या कपाळाला आठी पडली. खाली 'रंग : नीळा'. निळाचा नि दीर्घ करणारा माणूस कसला असेल, त्याला शाळेत कोणी शिकवलं असेल, असा विचार करता करता ते आणखी खाली आले. इंजिनाच्या नंबरातला एक सात जरा पुसट उमटला होता, त्यामुळे तो एकासारखा दिसत होता. अशा जागी समासात प्रश्नचिन्ह काढायचं असतं, म्हणजे लेखक मूळ प्रतीवरून खात्री करून घेतो. ही शिस्त आहे.

"मग फिकटच घेऊ या ना?" बायकोने विचारलं.

"हूं," वेलांटीराव म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

टोपणाचा टक् असा आवाज झाला, आणि त्या आवाजाने ते भानावर आले. समोर सरकारी शिक्क्याचं बुक होतं. 'नोंदणि'मधली पहिली वेलांटी छाटून बाजूला ठसठशीत दुसरी वेलांटी काढली होती. 'नीळा'च्या नी वर तिरकी रेघ होती आणि समासात 'ऱ्ह', म्हणजे ऱ्हस्व करा. इंजिनाच्या नंबरापुढे सुबक, लालभडक प्रश्नचिन्ह उभं होतं. त्यांनी बुक मिटलं आणि त्यावर हात ठेवून बसले.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही. फिकटच बरं."

बायको आत गेली तशी त्यांची धावपळ सुरू झाली. खोडरबराने शाई गेली नाही, फक्त गुलाबी झाली. ब्लेडने खरवडायला गेले तर कागदाचा पापुद्रा निघू लागला. शेवटी बुक शर्टाच्या आत घालून ते जाणकारांकडे गेले आणि दारातच म्हणाले, "आमच्या छापखान्यातल्या एका गृहस्थांची पंचाईत झालीये. सरकारी कागदावर चुकून लाल शाईने काही लिहिलं गेलं त्यांच्याकडून. काय करावं?"

"त्यात काय," जाणकार म्हणाले. "व्हाइटनर लावायचा आणि वरून काळ्या पेनाने होतं तसं लिहायचं. होतं तसंच हं, काना मात्रा इकडचा तिकडे नाही. सांगा त्यांना."

वेलांटीराव घरी आले, व्हाइटनरची बाटली घेऊन बसले, आणि तिथेच अडले. होतं तसं लिहायचं म्हणजे 'नीळा' लिहायचं. स्वतःच्या हाताने. त्यांनी रद्दी कागदावर सराव करून पाहिला, पण हात दर वेळी 'निळा' असंच लिही. लबाडी एक वेळ जमली असती, दीर्घ नी जमली नसती. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि मनाची समजूत घातली की सरकारी कागद कोणी वाचत नसतं. वाचलं असतं तर 'नोंदणि' राहिलं असतं का?

ऑफिसच्या फाटकाशी मास्तर गाडी घेऊन आधीच येऊन उभे होते. वेलांटीरावांनी पाकिटात घातलेलं बुक त्यांच्या हाती दिलं. मास्तरांनी ते उघडूनही पाहिलं नाही. आत लांबलचक हॉल होता, एकमेकींना जखडलेल्या लोखंडी खुर्च्या होत्या आणि भिंतीवर 'शांतता राखा, रांगेत उभे रहा' अशी पाटी होती. 'राहा'चा काना गिळलेला पाहूनही वेलांटीरावांनी पेनाला हात लावला नाही. त्यांनी त्या दिवशी पेन घरीच ठेवलं होतं. जन्मात पहिल्यांदाच.

खिडकीमागच्या बाईंनी पाकीट उघडलं, बुक काढलं, एक पान उलटलं आणि थांबल्या.

"हे काय आहे?"

दोघांनीही मान पुढे केली.

"बुकावर रेघा कुणी मारल्या? आणि इंजिनाच्या नंबरापुढे हे प्रश्नचिन्ह कसलं? नंबराबद्दल शंका आहे का तुम्हाला?"

मास्तरांनी चष्मा नाकावर सरकवला आणि बुक जवळ घेतलं. लाल रेघ पाहिली, समासातलं 'ऱ्ह' पाहिलं. मग त्यांचा हात सावकाश सदऱ्याच्या खिशाकडे गेला. पेन तिथेच होतं. त्यांचा चेहरा असा उतरला की वेलांटीरावांना बघवेना.

"लाल पेन तर माझंच असतं," मास्तर म्हणाले. "मुलांच्या वह्या तपासतो ना मी. त्या गठ्ठ्यात हेही आलं असणार. मीच केलं असेल."

"आठवत नाही का तुम्हाला?"

"नाही हो. अजिबात नाही."

बोलायची हीच वेळ होती. वेलांटीरावांनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं, अगदी लहान वाक्य. पण मागे रांग होती, समोर बाई होत्या, आणि हा माणूस मुद्रितशोधक आहे आणि त्याने सरकारी बुक तपासून दिलं, हे ऐकून त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं असतं ते त्यांना दिसायला लागलं. त्यांची जीभ वळली ती भलतीकडे. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "होतं असं वयानुसार."

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काहीही चूक नव्हती.

बाईंनी बुक परत सरकवलं. बुकावर आपण स्वतः खाडाखोड केली असं मास्तरांचं ॲफिडेव्हिट लागेल, म्हणाल्या. आणि केलेलं आठवत नसेल तर गाडी विकण्याइतकी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागेल. शिवाय इंजिनाचा नंबर इन्स्पेक्टरकडून तपासून आणावा लागेल. मास्तर म्हणाले, "नंबर बरोबरच आहे हो."

"असेलही. पण प्रश्नचिन्ह मी काढलेलं नाही. प्रश्न फाइलला लागला की उत्तरही लागतंच."

इन्स्पेक्टर मागच्या अंगणात गाड्यांच्या गर्दीत सापडले. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, बॅटरीचा उजेड पाडला आणि वैतागून विचारलं, "कुठल्या आकड्याची शंका आहे?"

"तो सात," वेलांटीराव चटकन म्हणाले. "पुसट उमटलाय, एकासारखा वाटतो."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे तुम्हाला कसं ठाऊक, असं आता कोणीही विचारेल. पण इन्स्पेक्टर इंजिनात वाकलेले होते, आणि मास्तर गाडीकडे न बघता आपल्या हातांकडे बघत होते. सात सातच निघाला. वेलांटीराव त्या दिवशी सुटले, आणि सुटल्याचं त्यांना जे बरं वाटलं त्याचीच पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

कारण नंतरच्या बातम्या बायको आणत गेली. कागदांचं कुठवर आलं हे विचारायला ती मास्तरांच्या सुनेला फोन करी, आणि ठेवला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राही. मास्तरांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी साधीच परीक्षा घेतली, शंभरातून सात वजा करत चला म्हणाले. "गणिताचे मास्तर हो ते," बायको म्हणाली. "आणि दुसऱ्याच पायरीला चुकले. घाबरले होते बिचारे. आपल्या डोक्याचा भरवसा नाही हेच मनात धरून बसले होते. डॉक्टरांनी दाखला दिला नाही, थोडे दिवस लक्ष ठेवा म्हणाले."

सुनेने लक्ष ठेवलं. शिकवणी बंद केली, कारण मास्तरांनी उद्या एखाद्या मुलाला चुकीचं शिकवलं तर काय. घराची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. केस कापायलासुद्धा ती त्यांच्याबरोबर जाऊ लागली. वाईट नव्हती ती, घाबरली होती. आणि त्या घराला ही भीती कुणामुळे लागली ते एकटे वेलांटीराव जाणून होते, पण मूग गिळून बसले होते.

त्यांना घास गोड लागेना. छापखान्यात तर कहरच झाला. शेतीविषयक एक पुस्तक त्यांच्या हाताखालून चुकांसकट छापायला गेलं आणि 'पीक'चं 'पिक' होऊन आलं. फोरमन स्वतः खुर्चीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "घरी सगळं ठीक आहे ना?" जन्मभर दुसऱ्यांना चुका दाखवलेल्या माणसाला कोणी काळजीने चूक दाखवावी, याहून मोठी नामुष्की नाही. वेलांटीराव तोंड लपवून कँटीनमध्ये जाऊन बसले.

सांगून टाकायचं त्यांनी ठरवलं नाही असं नाही. रोज ठरवत. रोज मास्तरांच्या घरी फोन लावत. पण फोन सून उचलायची, आणि तिचा आवाज ऐकला की यांचं ततपप व्हायचं. "काही नाही, मास्तरांची तब्येत कशी आहे ते विचारायला केला," असं ते म्हणत. एकदा ती गहिवरून म्हणाली, "काका, नात्यातल्यांनी चौकशी केली नाही हो इतकी. तुम्ही रोज न चुकता करता." फोन ठेवून वेलांटीराव भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ उभे राहिले. बायकोला वाटलं, मास्तरांचं काही बरंवाईट झालं.

"चला, भेटून येऊ त्यांना," ती म्हणाली. "गाडीचं होईल तेव्हा होईल. नाही झालं तर नाही. माणूस महत्त्वाचं." तिने फळं घेतली. ती गाडीवर पाणी सोडायला तयार झाली होती, आणि तेही किती सहज. वेलांटीराव तिच्यामागून निघाले.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. उठून उभे राहिले, पण नेहमीसारखं मोठ्याने या म्हणाले नाहीत. सुनेकडे बघितलं, जणू या म्हणायला तिची परवानगी हवी. टेबलावर एक वही होती. वरच्या मजल्यावरची एक आई अजूनही मुलीची वही सुनेच्या नकळत पाठवत होती. सून चहा करायला वळल्यावर मास्तरांनी ती हळूच पुढे सरकवली. बेरजांपुढच्या खुणा पेन्सिलीच्या होत्या, इतक्या फिक्या की वही उजेडात धरावी लागे.

"आता पेन्सिलच वापरतो," मास्तर म्हणाले. "मी चुकलो तर पुसता यावं. एकेक बेरीज चार चार वेळा करून बघतो. बरोबर येते, पण खात्री वाटत नाही." मग त्यांनी खणातून एक कागद काढला. "तुम्ही छापखान्यात आहात ना? ॲफिडेव्हिट लिहून ठेवलंय. भाषा बरोबर आहे का तेवढं बघा. आता आणखी काही चुकायला नको."

वेलांटीरावांनी कागद घेतला. 'मी खाली सही करणार, माझ्या मालकीच्या वाहनाच्या नोंदणी पुस्तकावर विस्मरणाच्या भरात लाल शाईने खाडाखोड केली, असे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो.' त्यांनी सवयीने एकेक अक्षर पाहिलं. 'नोंदणी' दुसरी, बरोबर. 'शाई' बरोबर. 'विस्मरण' बरोबर. काना, मात्रा, वेलांटी, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. इतका शुद्ध आणि इतका खोटा मजकूर त्यांच्या हाताखालून आजवर गेला नव्हता. त्यांना कागद धरवेना.

"एक चूक आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"पहिलाच शब्द."

मास्तरांनी चष्मा लावून पाहिलं. "मी? मी दीर्घच असतो ना?"

"दीर्घच असतो. पण तो मी तुम्ही नाही. तो मी मी आहे." हे वाक्य कोणत्याच दृष्टीने नीट नव्हतं, पण एकदा तोंड उघडल्यावर बाकीचं भराभर बाहेर आलं. टेबल, सीटकव्हर, 'नीळा', टोपण, ब्लेड, व्हाइटनर. सगळं सांगताना ते जमिनीकडे बघत होते. बायको शेजारी बसली होती आणि तिच्या हातातलं फळ सोलायचं थांबलं होतं, एवढं त्यांना कडेने दिसलं.

वेलांटीराव शिव्या ऐकायच्या तयारीत बसले. शिव्या मिळाल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

"पुन्हा सांगा," मास्तर म्हणाले.

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मी केलंच नाही. म्हणून मला आठवत नव्हतं." मास्तरांचे डोळे भरून आले. "सूनबाई, चहा राहू दे. इकडे ये. हे काय म्हणतात ते ऐक."

वेलांटीरावांनी तिसऱ्यांदा सांगितलं. सुनेच्या हातात गाळणी होती. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"एक राहिलं," मास्तर मधेच म्हणाले. "ऑफिसात तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, होतं असं वयानुसार. तेही सांगा." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पायरी गाळली की गणिताचे गुण जातात, एवढंच. त्यांना शब्दन् शब्द आठवत होता.

वेलांटीरावांनी तेही सांगितलं. सून उठली. आत गेली आणि घराची किल्ली आणून सासऱ्यांच्या हातात दिली. मग कोणाकडे न बघता म्हणाली, "मी बाबांना न्हाव्याकडेसुद्धा एकटं सोडलं नाही हो काका. आणि तुम्ही रोज फोन करून तब्येत विचारत होतात."

बायकोने हातातलं फळ ताटलीत ठेवलं. ती नवऱ्याला काहीच म्हणाली नाही, आणि घरी गेल्यावरही म्हणणार नाही, हे वेलांटीरावांनी तिच्या पाठीवरून ओळखलं.

पुढे जे झालं त्याला मिरवणूक म्हणता आलं असतं, फक्त मिरवणुकीत माणूस मान वर करून चालतो. मास्तर त्यांना हाताला धरून वरच्या मजल्यावर घेऊन गेले आणि त्या मुलीच्या आईला सगळं ऐकवायला लावलं. मग समोरच्या दारी, मग खालच्या दुकानदाराला. परगावच्या मुलाला फोन लावून रिसीव्हर वेलांटीरावांच्या कानाला लावला. डॉक्टरांकडे तर दवाखान्यात बसलेले बाकीचे पेशंटही ऐकत होते. प्रत्येक ठिकाणी गोष्ट ब्लेडपाशी आली की वेलांटीरावांचा आवाज बसे, आणि शेवटाला आली की मास्तर हळूच आठवण करत, "वयानुसारचं राहिलं." डॉक्टरांसमोर मास्तरांनी शंभरातून सात वजा करायला स्वतःहून सुरुवात केली आणि थांबेचनात. डॉक्टर पुरे म्हणाले तेव्हा ते शून्याच्या खाली जायच्या बेतात होते.

मास्तर रागावले नाहीत. रागवायला त्यांना फुरसतच नव्हती, इतके ते सुखात होते. गाडी विकायचं मात्र त्यांनी पक्कं ठेवलं. "डोळ्यांना दिसायलाही कमी झालंय, ते खरंच आहे," म्हणाले. "पण गाडी या बाईंच्या नावावर करा. कागदपत्रांना यांचा हात नको." बायको म्हणाली, "नकोच." कबुलीनंतर त्या दिवसातला तिचा हा एवढाच शब्द.

मग पुन्हा ते ऑफिस, तो हॉल, त्या खुर्च्या. या वेळी ॲफिडेव्हिट वेलांटीरावांचं होतं. खिडकीमागच्या बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, चष्म्यावरून वर पाहिलं आणि विचारलं, "शुद्धलेखन?"

"हो," वेलांटीराव म्हणाले.

"मोठ्याने बोला. पंख्यात ऐकू येत नाही."

"शुद्धलेखन," ते मोठ्याने म्हणाले. मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं, आणि हसू रांगेत मागे मागे सरकत गेलं. बायको पर्स छातीशी धरून समोरच्या भिंतीकडे बघत होती. हसू आपल्याला लागेल आणि आपण तिथेच कोसळू असं वेलांटीरावांना वाटलं होतं, पण हसण्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्याहून मोठं पुढे यायचं होतं.

बाई मास्तरांकडे वळल्या. "मग त्या दिवशी मीच केलं असेल, असं तुम्ही का म्हणालात? तुम्हाला तर आठवतही नव्हतं."

"हे बाजूलाच उभे होते ना," मास्तर म्हणाले. एखाद्या मुलाला उदाहरण समजावून सांगावं तसं ते सांगत होते. "बुक दोघांकडेच होतं, यांच्याकडे नाहीतर माझ्याकडे. माणूस भला आहे. यांनी केलं असतं तर हे तिथल्या तिथे बोलले असते. हे काही बोलले नाहीत. म्हणून यांना वजा केलं. मग उरलो मीच."

बाईंनी ॲफिडेव्हिट खिडकीतून बाहेर सरकवलं आणि सही करा म्हणाल्या. वेलांटीरावांनी पेन घेतलं, पण डोळ्यांसमोरची अक्षरं एकमेकांत मिसळून गेली होती, एकही ओळ वाचता येईना. मग मास्तरांनी वाकून कागदावर बोट टेकवलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं.